ऊन बघणारे मुनीरभाई

मुनीरभाई पहिल्यांदा आमच्या वस्तीवर आले, तेव्हा त्यांनी माझ्या घराकडे पाहिलंच नाही. मोटारसायकल चिंचेखाली लावली, डोक्यावरची गोल टोपी काढून झटकली, पुन्हा घातली आणि ज्या भिंतीसाठी त्यांना बोलावलं होतं तिच्यावरून सरळ पुढे निघून गेले. मी हातात टेप घेऊन अंगणात उभा. ते रस्त्यापर्यंत गेले, तिथून मागे वळून बघितलं. मग उत्तरेच्या मोकळ्या रानात ढेकळं तुडवत गेले, तिथून बघितलं. मग पश्चिमेला, शेजारच्या भीमाच्या कुंपणाकडे वळले. तेव्हा मात्र मी हाक मारली, "अहो मुनीरभाई, घर इकडं आहे."

"घर कुटं पळून चाललंय, सर," ते तिथूनच म्हणाले. "ते दिसतं कुनाला, ते बघतोय."

चहा निवतोय असं सांगून मी त्यांना कुंपणापासून माघारी आणलं. एका जुन्या माणसाला मी कामाला लावलं, असंच मला त्या वेळी वाटलं होतं. पण त्यांनी त्या दिवशी टेपला हात लावला नाही. चहा पिऊन झाल्यावर पिशवीतून वीतभर चकचकीत पत्र्याचा तुकडा काढला, तो भिंतीला टेकवून धरायचा, आणि त्याचा कवडसा कुठे पडतो ते डोळे बारीक करून बघायचं, असं त्यांचं संध्याकाळपर्यंत चाललं. "आज ऊन बघतो. पत्रा उद्या," हे वाक्य पुढे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं, की आमच्या घरात ते आळशी माणसासाठी वापरलं जाऊ लागलं. मी दुपारी लवंडलो की सुमन, माझी बायको, म्हणायची, "ऊन बघताय वाटतं."

तिसगावच्या पेठेत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, पत्र्याच्या तुकड्यांत एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा. वडील धान्याच्या कोठ्या, लग्नात द्यायच्या पेट्या, नरसाळी, चाळण्या करायचे, मुनीरभाईंनीही तेच केलं. प्लास्टिक आलं, पेट्यांची कपाटं झाली, तेव्हा ते पत्रा घेऊन रानात उतरले. पोल्ट्रीच्या शेड, कांद्याच्या चाळी, गोडाऊन, मंगल कार्यालयांचे मांडव. आमच्या भागात वादळ झालं की कुणाचे पत्रे उडाले याची चर्चा व्हायची, आणि मुनीरभाईंचा एकही उडालेला नाही, हे लोक बिनमाहितीचंही सांगायचे. साठी ओलांडलेली, अंगाने काटक, छातीत थोडी घरघर. डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं पत्र्याने नेली होती. पहिल्या दिवशी माझी नजर तिथे गेलेली बघून म्हणाले, "ती शिकवनीची फी, सर. पत्रा एकदाच घेतो, पर घेतो."

पत्र्याविषयी ते घरातल्या माणसासारखं बोलत. पत्रा लई बोलका, उन्हात तडतडतो, पावसात बडबडतो, वाऱ्यात रडतो, म्हणून त्याला बसवताना विचारून बसवायचा. मला हे ऐकायला गंमत वाटायची. मी तीस वर्षं नगरच्या शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर सुमनला आणि मला पुन्हा वस्तीवर येऊन राहायचं होतं, आणि त्यासाठी वडिलांचं घर उभं राहायला हवं होतं. पुरुषभर उंचीपर्यंत काळा दगड, त्यावर पांढऱ्या मातीची भिंत, वर एक माडी. दक्षिणेला नि पूर्वेला घर ठणठणीत होतं. पश्चिमेची भिंत मात्र पावसाचा मारा खाऊन खाऊन पोटापर्यंत गळली होती.

ही भिंत पूर्वीपासून नाजूक. वडील दर वर्षी मृग लागायच्या आधी तिला ज्वारीच्या ताटांचा आडोसा बांधायचे, दिवाळीला सोडायचे. वडील गेल्यावर घर बंद पडलं, आणि मी नगरहून चार-सहा महिन्यांनी फिरकायचो. त्या सगळ्या वर्षांत तो आडोसा भीमा बांधत होता. भीमा माझा भाऊबंद आणि बाळपणापासूनचा सोबती, पन्नास-साठ पावलांवर त्याचं घर. आमच्या घराची किल्ली त्याच्याकडे असायची. तो खिडक्या उघडायचा, घुशींची बिळं बुजवायचा, माडीवर गळतंय का बघायचा. मी आलो की म्हणायचो, "भीमा, तू आहेस म्हणून घर आहे." म्हणणं सोपं असतं.

मुनीरभाईंना भिंतीला काय करायचं ते मी मोबाईलवर दाखवलं. माझी लेक अश्विनी पुण्यात घरांचे नकाशे करते, तिने एक फोटो पाठवला होता. कुठल्याशा परदेशातलं जुनं दगडी घर, आणि त्याला बाहेरून सपाट चकचकीत पत्रा मढवलेला. त्यात आभाळ दिसतंय, झाडं दिसतायत, आणि घर जणू नाहीच. मी त्या फोटोवर भाळलो होतो. मुनीरभाईंनी मोबाईल हातात घेतला, दोन अर्ध्या बोटांनी फोटो मोठा केला, इकडे सरकवला, तिकडे सरकवला.

"ह्या घराच्या शेजारी कोन ऱ्हातं?"

मी म्हणालो, कुणी नसावं, रान दिसतंय.

"मग बरोबर हाय," असं म्हणून त्यांनी मोबाईल परत दिला.

त्यांचं म्हणणं होतं, भिंतीला पत्रा लावायचा ही गोष्ट चांगली, पण नालीदार लावा. नाली उजेड फोडते, सपाट पत्रा उजेड हाय तसा फेकतो. मी थोडा फुशारकीने म्हणालो की उजेडाचं मला सांगू नका, मी तीस वर्षं मुलांना छायाप्रकाश शिकवलाय. मुनीरभाई शांतपणे म्हणाले, "तुमी कागदावरचा शिकिवला, सर." त्यात टोमणा नव्हता. माहिती दिल्यासारखं म्हणाले. पण मला ते लागलं, आणि लागल्यावर मी जसा वागतो तसाच वागलो. सपाटच हवा म्हणून हटून बसलो. त्यांनी टोपी काढली, झटकली, घातली. "बरं. घर तुमचं हाय."

नगरहून टेम्पो आला. स्टीलचे पत्रे, एका बाजूने आरशासारखे घासलेले, दुसरी बाजू मंद राखाडी. पौष महिना होता. त्या महिनाभरात मी मुनीरभाईंना काम करताना पाहिलं आणि माझ्या उभ्या नोकरीत मी असं काही केलं नाही, हे मनाशी कबूल केलं. त्यांनी आधी भिंत बरी केली. पांढऱ्या मातीत भुसा तुडवून तिची पोकळी भरली, ती सुकेपर्यंत थांबले. मग लोखंडी पट्ट्यांची चौकट उभी केली, भिंतीपासून चार बोटं लांब. मला वाटलं, पत्रा भिंतीला चिकटून बसवला तर नेटका दिसेल. त्यावर ते म्हणाले, "भितीला सदरा घालायचाय, सर, कफन न्हाई. मातीला दम लागतो. आत हवा खेळली न्हाई तर ती आतल्या आत कुजंल, आन तुमाला भाईरनं चकाकीच दिसत ऱ्हाईल."

पहिली उभी रांग बसली, तेव्हा त्यांनी सुमनकडून एक उदबत्ती मागून घेतली. ती पेटवून पत्र्याच्या खालच्या फटीत धरली आणि स्वतः शिडीवर चढून वरच्या फटीशी नाक लावून बसले. थोड्या वेळाने धुराची बारीक रेघ वर आली. ते हसले, आणि खाली न बघता म्हणाले, "वैनी, तुमच्या भितीनं श्वास घेतला." सुमनला ते इतकं आवडलं की पुढची प्रत्येक रांग झाली की ती आपण होऊन उदबत्ती घेऊन जायची. दुपारी पत्र्याच्या खोक्याचा पुठ्ठा पसरून ते नमाज पढायचे, मग आमच्याबरोबर भाकरी खायचे, आणि पुन्हा लाकडी हातोडा चालू. पत्र्याच्या कडा ते लोखंडी हातोड्याने कधी ठोकत नसत. पत्र्याच्या लक्षात मार राहतो म्हणायचे.

काम संपलं त्या दिवशी त्यांनी हत्यारं बांधली आणि पुन्हा फिरायला निघाले. रस्त्यावरून बघितलं, रानातून बघितलं. भिंतीवरून उलटलेला उन्हाचा कवडसा उत्तरेच्या मोकळ्या रानात पडत होता, तिथे हरभऱ्याशिवाय कुणी नव्हतं. मग ते भीमाच्या कुंपणाकडे निघाले. मी त्यांच्या आडवा झालो.

"तिकडं जायची गरज नाही," मी म्हणालो.

कारण भीमा महिनाभरात आमच्याकडे आला नव्हता. ज्याने वीस वर्षं घर सांभाळलं, तो घर नवं होताना बघायलाही आला नाही. दोनदा मी हाक मारली, तो हातातलं काम सोडून गोठ्यात गेला. मी मनाशी ठरवून टाकलं की याला खुपतंय. गावाकडे राहिलेल्या माणसाला शहरातून परतलेल्याचं घर चमकलेलं सोसत नाही. असं ठरवायला मला पुरावा लागला नाही. मुनीरभाईंना मी एवढंच सांगितलं की आमचं जरा बोलणं बंद आहे, तुम्ही मध्ये पडू नका. त्यांनी कुंपणाकडे हात केला.

"मी प्रत्येक काम झाल्यावर शेजाऱ्याच्या दारात हुबा ऱ्हातो, सर. आबाचा रिवाज हाय आमच्या. घर आपलं आसतं, पर ते बघावं लागतं शेजाऱ्याला." मी वाटेतून बाजूला झालो नाही. तेव्हा त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "आसूं द्या. मी चैतात यीन. ऊन तवा सरकलेलं आसंल."

हिवाळाभर मी त्या भिंतीच्या सुखात होतो. सकाळी तिच्यात डोंगर दिसायचे, संध्याकाळी आभाळ पेटायचं. तिसगावची पोरंठोरं मोबाईल घेऊन फोटो काढायला यायची. शाळेतले जुने सहकारी आले, म्हणाले, घर नाही, चित्र आहे. मी नाही नाही म्हणत त्यांना पुन्हा त्या बाजूला नेऊन दाखवायचो. आत माती कोरडी, उन्हाळ्याच्या तोंडालाही खोल्या गार. मुनीरभाईंनी केलेलं काम खरोखर चोख होतं, आणि ते निवडणारा मीच, म्हणून त्याचं अर्धं श्रेय मी घेत होतो.

गुढीपाडव्यानंतर आठ-दहा दिवसांनी भीमाच्या गोठ्याला गोणपाटं लागली. गोठ्याचं तोंड पूर्वेला, म्हणजे आमच्याकडे. ते उघडं तोंड त्याने वरपासून खालपर्यंत गोणपाटं शिवून बंद करून टाकलं. मी ओट्यावरून बघत होतो. सुमनला म्हणालो, "बघ. आता घर दिसायलाही नको झालंय त्याला." सुमन म्हणाली, जाऊन विचारा तरी. मी म्हणालो, मी का विचारू? ती म्हणाली, मग मी जाते. मी तिलाही जाऊ दिलं नाही. ही गोष्ट लिहिताना मला शरम वाटते, पण मुनीरभाईंचं चित्र काढायचं तर त्यांच्या शेजारी मला माझंही काढावं लागेल, आणि ते सुरेख येणार नाही.

चैत्र संपता संपता एका दुपारी चारच्या सुमाराला त्यांची मोटारसायकल चिंचेखाली लागली. मी चहाला हाक मारली. या वेळी ते थांबले नाहीत. हात वर करून "आलोच" म्हणाले, आणि सरळ कुंपणाच्या फटीतून भीमाच्या अंगणात शिरले. तासभर तिकडेच. भीमाची बायको गयाबाई कपबशी घेऊन आली, गेली, हे मला ओट्यावरून दिसत होतं. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. पाच वाजून गेल्यावर मुनीरभाई कुंपणाशी आले आणि त्यांनी मला हाताने बोलावलं. मी हललो नाही. तेव्हा ते आले, माझं मनगट धरलं, त्या दोन अर्ध्या बोटांची पकड अजून माझ्या लक्षात आहे, आणि न बोलता मला घेऊन गेले.

गोठ्यात भीमा दोन म्हशींच्या मध्ये बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मुनीरभाईंनी मला गव्हाणीपाशी उभं केलं, तोंड पूर्वेला केलं, आणि पुढचं गोणपाट बाजूला सारलं.

मला काही दिसेनासंच झालं. समोर माझं घर नव्हतं, नुसता पांढरा जाळ होता. डोळ्यांत पाणी आलं, मी हात आडवा धरला. पाठीमागे मावळतीचं ऊन गोठ्याच्या कुडाने अडवलेलं, तिथे पिढ्यान् पिढ्या संध्याकाळची सावली असायची, आणि आता समोरून माझ्या भिंतीने तेच ऊन परत फेकलं होतं. शेजारची म्हैस मान वाकडी करून दावं ताणत होती.

"पौषात ह्यो उजेड उत्तरंच्या रानात पडायचा," मुनीरभाई म्हणाले. "ऊन उत्तरंला सरकलं, तसा ह्यो हिकडं दक्षिनंला सरकला. रोज धारंच्या टायमाला यितो. जनावर बिथरलंय, पान्हा सोडत न्हाई. गोनपाट लावलं तर आत वारा न्हाई. दोन म्हशींच्या घरात मी आत्ता कोरा च्या पिऊन आलो, सर."

मी भीमाला विचारलं, तू बोलला का नाहीस? तो म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "तुझं घर हाय. म्या काय बोलावं?"

परत येताना मुनीरभाईंनी भीमाकडून कळलेलं बाकीचं सांगितलं. पौष लागायच्या सुमारास, काम सुरू व्हायच्या थोडं आधी, मी पुढचं दार बदललं होतं. नव्या दाराला नवं लॅच बसवलं, आणि आम्ही सामान आणायला नगरला गेलो. भीमा नेहमीसारखा सकाळी खिडक्या उघडायला आला. जुनी किल्ली लावली, बसेना. दोनदा फिरवून बघितली. मग त्याला कळलं. तो घरी गेला आणि पुन्हा आमच्या अंगणात आला नाही. मी नवं दार दाखवायला पंचक्रोशी बोलावली होती. ज्याच्याकडे वीस वर्षं किल्ली होती, त्याला एक शब्द सांगायचं माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. त्याच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. त्याची आठवणच झाली नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

मी ओट्यावर बसून राहिलो. मुनीरभाई भिंतीसमोर उभे होते. मला वाटलं, आता ते म्हणतील, मी सांगत होतो नालीदार लावा. त्यांना तो हक्क होता. ते म्हणाले, "चूक माझी हाय. गिऱ्हाइकानं न्हाई म्हनलं आन मी शेजाऱ्याच्या दारात गेलो न्हाई. चाळीस वर्सांत पयल्यांदा. घर तुमचं हाय म्हनलो, तितंच चुकलो. भीत तुमची, पर ऊन काय तुमचं न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सगळी भिंत उतरवली. पत्रे उलटे करायचे, मंद बाजू बाहेर. ऐकायला सोपं वाटतं, पण दुमडलेली प्रत्येक कड आधी सरळ करायची आणि मग उलट्या अंगाला दुमडायची. पत्रा एकदा मोडला की दुसऱ्यांदा मोडायला कुरकुरतो. वैशाखाचं ऊन, त्यांच्या छातीतली घरघर वाढलेली. मी म्हणालो, नवे पत्रे आणू. ते म्हणाले, "हेच्यात दोष न्हाई, आपन तोंड चुकीचं केलं." मी शिडी धरायला राहिलो. नऊ दिवस आम्ही दोघं त्या भिंतीशी होतो, आणि त्या नऊ दिवसांत मला भीमाकडे जाऊन दोन शब्द बोलायचे होते. रोज संध्याकाळी ठरवायचो, उद्या. लहानपणी ज्याच्याबरोबर एका ताटात जेवलो, त्याच्या अंगणात चार पावलं टाकायला मला कोणती लाज आडवी येत होती, कोण जाणे.

भिंत पुन्हा उभी राहिली. आता तिच्यात आभाळ दिसत नव्हतं, आभाळाचा नुसता रंग यायचा, तोही पुसट. जागोजाग हातोड्याचे हलके ठसे. पहिल्यांदा मला ती आवडली नाही, हे खरं सांगतो. मुनीरभाईंनी उदबत्ती मागितली, धूर बघितला, आणि निघताना म्हणाले, "सर, दाराची एक जादा किल्ली द्या. पावसाळ्यात तुमी पुन्याला गेलात तर आतनं भीत तपासाया लागंल." मी दिली. त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात टाकली आणि कुंपणाच्या फटीतून भीमाकडे गेले. रिवाजाप्रमाणे उभे राहायला जात असतील म्हणून मी काही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गयाबाई तांब्याभर दूध घेऊन आली. सुमनने तिला बसवून घेतलं. गोणपाटं निघाली. त्याच आठवड्यात भीमा आला, भिंतीवरून हात फिरवला, ठसे मोजल्यासारखे केले, आणि म्हणाला, "आता बरी दिसती. घरासारखी." मी त्याच्या पाठीवर थाप मारली, तो हसला, आणि आम्ही दोघांनी ऊसतोडीच्या टोळ्यांवर गप्पा मारल्या. मला सुटल्यासारखं झालं. भिंत फिरली आणि माणूस फिरला, असा मी हिशेब लावला. माफी मागायची राहिली ती राहिलीच. आता कशाला उकरा, असं मनाला सांगितलं, आणि माझ्या मनाने ते झटकन ऐकलं.

मुनीरभाई पावसाळ्यात आलेच नाहीत. छातीचं दुखणं वाढलं होतं. मी दोनदा दुकानात भेटून आलो. दुकान मुलगा बघत होता, ते बाजूला खाटेवर बसून त्याच्या हातोड्याचा आवाज ऐकत आणि मधूनच "हळू" म्हणत. मला म्हणाले, "मार्गशीर्षात एकदा यायचंय. उजेड आता कुटं पडतो बघाया पायजे." मी म्हणालो, आता कुठेच पडत नाही. त्यांनी मान हलवली. "आसं म्हनू नगा, सर. कुटं तरी पडतोच."

मार्गशीर्ष लागायच्या आधीच ते गेले. निरोप सकाळी आला. सुमन तेव्हा पुण्याला लेकीकडे होती. भीमा मोटारसायकल काढून दारात उभा, मी अंगातला सदरा बदलला आणि घाईने दार ओढून घेतलं. दुपारच्या नमाजानंतर त्यांना कब्रस्तानात नेलं. लोक खूप होते. पोल्ट्रीवाले, कांदेवाले, कार्यालयांचे मालक, ज्यांच्या ज्यांच्या डोक्यावर त्यांनी पत्रा घातला ते सगळे. भीमाने आणि मी मुठीने माती घातली. त्यांचा मुलगा माझ्या गळ्यात पडला आणि मला तिथे रडू आवरलं नाही.

परत आलो तेव्हा पाच वाजत होते. भीमाने गाडी त्याच्या अंगणात लावली, आणि मी माझ्या दारापाशी जाऊन खिसे चाचपत उभा राहिलो. किल्ली आत, बदललेल्या सदऱ्यात. लॅच ओढताच बसलेलं. भिंतीवर ऊन आलं होतं आणि ती ते गपगुमान अंगावर घेत होती. मी कुणाला बोलवावं याचा विचार करत असताना मागून भीमा आला. त्याने आतल्या बंडीच्या खिशातून एक किल्ली काढली, लाल दोऱ्यात ओवलेली, दाराला लावली, आणि दार उघडलं.

मी त्या किल्लीकडे बघत राहिलो.

"आसं काय बघतोस?" भीमा म्हणाला. "तूच धाडली हुतीस न्हवं, मुनीरभाईच्या हाती? त्यो म्हनला, सरांला तोंड दाखवायची लाज वाटती, म्हनून मला धाडलंय. किल्ली तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे म्हनलेत." त्याने किल्लीचा दोरा बोटाला गुंडाळला. "मला लई बरं वाटलं, दत्तू, त्या दिशी."

म्हणजे भिंतीने काही केलं नव्हतं. ती उलटी केली म्हणून म्हशी पान्हवल्या असतील, पण भीमा आला होता तो या किल्लीपायी. मी जे सहा महिने बोलू शकलो नाही, ते तो पत्रेवाला माझ्या नावाने बोलून गेला होता, आणि मला कळूही दिलं नव्हतं. आत्ताच त्यांच्यावर माती टाकून मी आलो होतो. त्यांचं ते खोटं आता माझ्या हातात होतं, आणि ते खरं करायचं काम तेवढं माझ्याकडे उरलं होतं.

"व्हय," मी भीमाला म्हणालो, "मीच धाडली हुती. ऱ्हाऊ दे तुझ्यापाशीच."